तिसऱ्या वर्षानंतर एनएफएल: जायचं की आणखी एक वर्ष थांबायचं?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला चांगला खेळाडू तिसरं वर्ष संपताच पदवी अर्धवट टाकून एनएफएलच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी फेरीफेरीने नवे खेळाडू निवडायच्या प्रक्रियेत, उतरतो. हा निर्णय कसा घ्यायचा, नियम काय आहेत आणि इतकी गुणी मुलं यात फसतात ती कुठे? (इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि पॅडवाला, लांबट चेंडूचा. गोव्यात खेळतात तो नव्हे.)

आधी उत्तर, मग कारणं. पहिल्या फेरीत निवड होणार याची खात्रीलायक माहिती असेल तर जावं. दुसऱ्या फेरीचा अंदाज असेल तर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. त्याच्या खालचा अंदाज असेल तर आजच्या परिस्थितीत बहुतेकांनी थांबावं. २०२१ च्या आधी विचारलं असतं तर हे तिसरं वाक्य इतक्या ठामपणे लिहिता आलं नसतं. का, ते पुढे येईल.

पात्रतेचा नियम नीट समजून घ्या, कारण घरोघरी तो चुकीचा सांगितला जातो. कॉलेजात किती हंगाम खेळलात याच्याशी त्याचा संबंध नाही. हायस्कूल संपल्यानंतर एनएफएलचे तीन पूर्ण साखळी हंगाम सुरू होऊन संपलेले असले पाहिजेत, एवढीच अट आहे. म्हणून ज्याने पहिलं वर्ष 'रेडशर्ट' म्हणून बाकावर काढलं, तो मैदानावर दोनच हंगाम खेळूनही ड्राफ्टला पात्र ठरतो. ज्याने हायस्कूल एक वर्ष लवकर संपवलं, त्याची मोजणी प्रत्यक्ष पदवीच्या वर्षापासून, म्हणजे लवकरच सुरू होते. दोन तारखांपैकी जी आधीची, ती धरली जाते.

या तीन वर्षांना कोर्टात आव्हान देऊन झालं आहे. ओहायो स्टेटचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) मॉरिस क्लॅरेट पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेत्या संघात होता. २००४ च्या फेब्रुवारीत खालच्या कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण अपील कोर्टाने तो फिरवला. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. क्लॅरेटबरोबर खरा पोळला तो यूएससीचा (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा) रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, माइक विल्यम्स. खालच्या कोर्टाच्या निकालावर विसंबून त्याने एजंट केला. निकाल फिरला तेव्हा ड्राफ्टही गेला आणि कॉलेजची पात्रताही. अख्खं वर्ष त्याला बसून काढावं लागलं. २००५ मध्ये तो दहाव्या क्रमांकावर गेला, क्लॅरेट तिसऱ्या फेरीच्या शेवटी. क्लॅरेट एनएफएलचा एकही साखळी सामना खेळला नाही.

आता प्रक्रिया. तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूला एनएफएलच्या कॉलेज सल्लागार समितीकडून आपला अंदाज मागवता येतो. संघांचे वरिष्ठ निवडकर्ते आणि दोन स्काउटिंग (खेळाडू हेरणाऱ्या) संस्थांचे प्रमुख तिच्यात असतात. अर्ज शाळेमार्फत (इथे शाळा म्हणजे कॉलेज) जातो. एका शाळेतून साधारण पाच जणांचे अर्ज घेतले जातात, जास्त असतील तर वेगळी विनंती करावी लागते. उत्तर तीनपैकी एक येतं: पहिली फेरी, दुसरी फेरी किंवा दोन्ही नाही. कुठल्याही संघावर ते बंधनकारक नसतं.

सगळ्यात जास्त गैरसमज या 'दोन्ही नाही'बद्दल आहे. खेळाडू त्याचा अर्थ 'म्हणजे तिसरी फेरी' असा लावून घेतो. त्या दोन शब्दांत तिसरी फेरी आहे, सातवी आहे आणि कुणीच न निवडणं हेही आहे. ड्राफ्ट सात फेऱ्यांचा, ३२ संघांचा, एकूण निवडी साधारण २६० च्या आसपास. अर्ज करणाऱ्यांची संख्या शंभरावर होती त्या वर्षांत, लवकर आलेल्यांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा सातही फेऱ्यांत नाव न येता राहिला.

म्हणून समितीचं उत्तर आलं की तिथे थांबू नका, कारण विचारा. शरद ऋतूभर शाळेत येऊन गेलेल्या स्काउटशी बोलणारा एक माणूस प्रत्येक मोठ्या शाळेच्या फुटबॉल खात्यात असतो. त्याला गाठा आणि एकच विचारा: मी वरच्या दोन फेऱ्यांत का नाही? जे उत्तर येईल त्याचे दोन ढीग करा. एका ढिगात वर्षभरात सुधारणाऱ्या गोष्टी: पायांचं तंत्र, वजन, कमी सामने खेळलेले असणं, पास-ब्लॉकिंग (पास टाकणाऱ्याला आडोसा देणं), बचावाची मांडणी ओळखायला लागणारा वेळ. दुसऱ्या ढिगात न सुधारणाऱ्या: उंची, हाताची लांबी, मुळातला वेग. ज्या टॅकलचे (आघाडीच्या रांगेत टोकाला उभ्या राहणाऱ्याचे) हात ३३ इंचांपेक्षा आखूड आहेत, त्याला बरेच संघ 'हा आत गार्डवर खेळेल' म्हणतात. आणखी एक वर्ष थांबून त्याचे हात वाढणार नाहीत. कारण दुसऱ्या ढिगातलं असेल तर थांबण्याने क्रमांक सुधारेल ही आशा धरू नका. पहिल्या ढिगातलं असेल तर थांबण्यासारखं दुसरं काही नाही.

सल्ला देणाऱ्याचा फायदा कुठल्या बाजूला आहे, हेही पाहत चला. प्रशिक्षकाला तुम्ही राहायला हवे असता. एजंटला तुम्ही जायला हवे असता. मामा-काकांना आणि लहानपणच्या मित्रांना निवडीच्या दिवशी टीव्हीवर दिसायचं असतं. ही माणसं वाईट नसतात, पण तुमचा क्रमांक कितवा हे यांच्यापैकी कुणालाही ठाऊक नसतं. ज्याला तुमच्या जाण्यातून काही मिळत नाही आणि राहण्यातूनही नाही, असा एक तरी माणूस शोधाच. निवृत्त झालेला स्काउट असला तर उत्तम.

अर्जाची मुदत साधारण जानेवारीच्या मध्यावर संपते. राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचलेल्यांना थोडे दिवस जास्त मिळतात. मुदतीनंतर ७२ तासांत मागे फिरता येतं, पण तोवर ड्राफ्टसाठी एजंटशी करार केलेला नसला तरच. नाव, प्रतिमा यांच्या जाहिरातींसाठी ठेवलेला एजंट वेगळा. त्याच्या कागदात ड्राफ्टचा किंवा पुढच्या व्यावसायिक कराराचा एकही शब्द असता कामा नये. तोंडी आश्वासनसुद्धा गोत्यात आणतं. ते ७२ तास उलटले की एप्रिलअखेर कुणी निवडलं नाही तरी कॉलेजच्या मैदानावर परत येता येत नाही. बास्केटबॉलमध्ये याहून सवलत आहे. तिथला नियम ऐकून फुटबॉलमध्ये तोच धरून चालणारे दरवर्षी सापडतात.

पैशाकडे येऊ, कारण निर्णय शेवटी तिथेच होतो. २०११ च्या आधी नवख्यांच्या कराराला धरबंद नव्हता. २०१० मध्ये पहिला निवडलेला सॅम ब्रॅडफर्ड याचा करार सहा वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलरचा, त्यातले ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी नवी वेतनश्रेणी आली आणि पहिला निवडलेला कॅम न्यूटन चार वर्षांसाठी साधारण २ कोटी २० लाखांवर आला. तेव्हापासून ज्या क्रमांकावर निवडले गेलात, त्या क्रमांकाचा भाव ठरलेला असतो. आयपीएलच्या लिलावासारखी बोली नाही. निवडणाऱ्या संघाकडेच जायचं आणि रकमेवर घासाघीसही जवळपास नाही.

२०२५ चे आकडे घ्या. पहिल्या क्रमांकाच्या कॅम वॉर्डला चार वर्षांचे साधारण ४ कोटी ८८ लाख डॉलर, सगळे हमीचे. पहिल्या फेरीच्या तळाशी निवडलेल्यालाही एक कोटीहून बरंच जास्त. सातव्या फेरीच्या करारावर चार वर्षांचे चाळीस लाखांहून जास्त डॉलर लिहिलेले असतात आणि घरचे तोच आकडा सगळ्यांना सांगत फिरतात. त्यातला हातात नक्की पडणारा सायनिंग बोनस साधारण एक लाख डॉलर असतो. बाकीची रक्कम त्या-त्या वर्षी संघात टिकलात तरच मिळते. ऑगस्टमध्ये ९० जणांचा ताफा ५३ वर आणतात, तेव्हा सातव्या फेरीच्या खेळाडूला काढायला संघाला फारसं काही पडत नाही. मग उरतो तो प्रॅक्टिस स्क्वॉड, म्हणजे सरावापुरता ठेवलेला गट: २०२५ मध्ये आठवड्याला १३,००० डॉलर, आणि कुठल्याही मंगळवारी 'सामान आवर' असं सांगितलं जाऊ शकतं. मुख्य संघात टिकलेल्या नवख्याचा किमान वार्षिक पगार त्या वर्षी ८ लाख ४० हजार होता.

दुसऱ्या फेरीचं गणित मात्र नुकतंच बदललं आहे. २०२५ पर्यंत दुसऱ्या फेरीत पूर्ण हमीचा करार कुणालाच मिळत नव्हता. त्या वर्षी क्लीव्हलँड आणि ह्यूस्टन यांनी अनुक्रमे ३३ व्या आणि ३४ व्या क्रमांकाच्या खेळाडूंना तो दिला आणि बाकीचे जवळजवळ सगळे दुसऱ्या फेरीवाले सह्या न करता जुलैपर्यंत अडून बसले. म्हणून दुसऱ्या फेरीचा अंदाज आला असेल तर 'वरची दुसरी की खालची दुसरी' हे विचारायलाच हवं. पूर्वी या दोहोंत फार अंतर नव्हतं, आता आहे.

२०२१ ला काय उलटलं, ते असं. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवायची मुभा मिळाली. १ जुलै २०२५ पासून शाळा स्वतः खेळाडूंना थेट उत्पन्नाचा वाटा देऊ लागल्या. पहिल्या वर्षीची मर्यादा एका शाळेला सगळे खेळ मिळून २ कोटी ५ लाख डॉलर, आणि त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलकडे जातो. पूर्वी चौथ्या-पाचव्या फेरीच्या अंदाजावर जाणाऱ्या मुलाचं म्हणणं खोडता येत नसे: घरी भाडं थकलंय, इथे एक पैसा मिळत नाही, तिथे काहीतरी मिळेल. आज मोठ्या शाळेतल्या नियमित खेळाडूला राहण्याचे मिळणारे पैसे शेवटच्या फेऱ्यांच्या हमीच्या रकमेपेक्षा सहज जास्त असू शकतात. परिणाम आकड्यांत दिसतो. २०१८ आणि २०१९ मध्ये विशेष पात्रता घेणारे (पदवीआधीच ड्राफ्टला येणारे) शंभरावर होते. २०२४ पर्यंत ते साठाच्या आत आले.

कॅम वॉर्डचंच उदाहरण बघा. जानेवारी २०२४ मध्ये त्याने ड्राफ्टला जातो म्हणून जाहीर केलं, काही दिवसांत निर्णय फिरवला, मायामी विद्यापीठात बदली घेतली आणि पुढच्या ड्राफ्टला तो पहिला निवडला गेला. तो तोवर चार हंगाम खेळलेला होता, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा खेळाडू नव्हे, पण हिशेब तोच. उलट बाजूला टेक्ससचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) क्विन युअर्स. कॉलेजची पात्रता शिल्लक असताना तो २०२५ च्या ड्राफ्टला आला आणि सातव्या फेरीत २३१ वा गेला.

इथे एक व्यावहारिक अडचण आहे. बदलीचं पोर्टल (दुसऱ्या शाळेत जाण्यासाठी नाव नोंदवायची सोय) आणि ड्राफ्टची मुदत एकाच पंधरवड्यात येतात. २०२६ मध्ये पोर्टल २ ते १६ जानेवारी उघडं होतं. म्हणजे 'जाऊ', 'इथेच राहू' आणि 'दुसऱ्या शाळेत जाऊ' या तिन्हींचे आकडे डिसेंबर संपायच्या आत हातात असायला हवेत. राहण्याचा आकडा लेखी घ्या. किती, कधी, दुखापत झाली तर बंद होणार का, आणि प्रशिक्षक बदलला तर काय, हे चारही मुद्दे त्यात असू द्या.

पण थांबण्याची किंमतही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एनएफएलमध्ये मोठा पैसा दुसऱ्या करारात असतो. निवडलेल्या नवख्याचा करार चार वर्षांचा, पहिल्या फेरीवाल्यांसाठी पाचव्या वर्षाचा हक्क संघाकडे, आणि तिसरा हंगाम संपेपर्यंत कराराला हात लावता येत नाही. म्हणजे कॉलेजात घालवलेलं प्रत्येक जादा वर्ष तो दुसरा करार एक वर्ष पुढे ढकलतं. रनिंग बॅकला हे सगळ्यात जास्त लागू. त्याचे पाय मोजून इतकेच धक्के सोसतात. कॉलेजात खाल्लेले धक्के फुकट जातात आणि सत्ताविशीनंतर संघ हात आखडतात. ख्रिश्चन मॅकॅफ्री स्टॅनफर्डमध्ये तीन वर्षं खेळून २०१७ मध्ये आठवा निवडला गेला. तीन हंगाम संपताच, २०२० च्या वसंतात, वयाच्या २३ व्या वर्षी त्याचा चार वर्षांचा, ६ कोटी ४० लाखांचा वाढीव करार झाला. एक वर्ष उशिरा आला असता तर हाच कागद २४ व्या वर्षी आला असता, तोही मध्ये गुडघा धड राहिला असता तर. पहिल्या दोन फेऱ्यांतल्या रनिंग बॅकने थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुखापतीचं भय दोन्ही बाजूंना कापतं. मॅट बार्कली डिसेंबर २०११ मध्ये यूएससीतच थांबला. पुढच्या हंगामात खांदा गेला आणि २०१३ मध्ये तो चौथ्या फेरीत ९८ वा निवडला गेला. ओरेगनचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) इफो एक्प्रे-ओलोमू शेवटच्या वर्षासाठी थांबला आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये सरावात गुडघा फाटला. थेट सातवी फेरी. पण त्याने विमा काढला होता आणि तो ३० लाख डॉलरचा होता.

विमा दोन प्रकारचा असतो. एक कायमच्या अपंगत्वाचा: पुन्हा कधीच खेळता आलं नाही तरच पैसे. दुसरा 'मूल्य घटल्या'चा: ठरलेल्या क्रमांकाच्या खाली घसरलात तर पैसे. थांबणाऱ्याला दुसरा जास्त उपयोगी, आणि तोच जास्त वेळा वादात अडकतो. अपंगत्वाच्या विम्याचा हप्ता दर दहा लाखांच्या संरक्षणाला साधारण आठ ते दहा हजार डॉलर पडतो. कलमं वाचताना तीन जागा शोधा. जुनी दुखापत वगळली आहे का? घसरण 'त्याच दुखापतीमुळे' झाली हे सिद्ध करायचं ओझं कुणावर आहे? आणि अर्जात विचारलेली प्रत्येक वैद्यकीय भेट लिहिली आहे का? मुरगळलेल्या घोट्यावर केलेला एक एमआरआय लिहायचा राहिला, एवढ्यावर दावा फेटाळला जाऊ शकतो.

जायचं ठरलं की एजंट. खेळाडू संघटनेने प्रमाणित केलेलाच असावा. त्याचं शुल्क खेळाडूच्या कराराच्या जास्तीत जास्त ३ टक्के आणि प्रमाण नमुन्यात छापलेलं १.५ टक्के. रक्कम क्रमांकाने ठरलेली असताना नवख्याने ३ टक्के देण्याचं कारण मला दिसत नाही. ड्राफ्टपूर्व प्रशिक्षणाचा खर्च बहुधा एजंट करतो, तो परत द्यायचा आहे का ते लेखी घ्या. 'मार्केटिंग अॅडव्हान्स' हे कर्ज असतं, बक्षीस नव्हे. मुलं त्यातून गाडी घेतात आणि जाहिराती आल्या नाहीत की पगारातून फेडत बसतात. एजंट बदलायचा झाला तर लेखी नोटिशीनंतर पाच दिवसांत करार संपतो.

जानेवारी ते फेब्रुवारीअखेर सगळा जीव ४० यार्डांच्या, म्हणजे साडेछत्तीस मीटरच्या धावेत अडकलेला असतो. घड्याळ तुमच्या पहिल्या हालचालीवर सुरू होतं, म्हणून रेषेवर टेकवलेला हात, मागचा पाय आणि पहिली तीन पावलं यांच्यावर आठवडे जातात. २०२४ मध्ये झेव्हियर वर्दी ४.२१ सेकंदांत धावला. तो कम्बाइनचा (ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिराचा) विक्रम आहे, तरी तो गेला अठ्ठाविसावा. कम्बाइन इंडियानापोलिसला, बोलावणं तीनशेहून थोड्या जास्त जणांना. तिथे बेंच प्रेसला १०२ किलो वजन असतं, तेच टीव्हीवर दाखवतात.

संघांना मात्र सगळ्यात जास्त हवी असते ती वैद्यकीय तपासणी, आणि ती कॅमेऱ्यासमोर होत नाही. खेळाडू अर्ध्या चड्डीत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. प्रत्येक खोलीत चार-पाच संघांचे डॉक्टर. टेबलावर आडवं व्हायचं, एक जण गुडघा वाकवून नडगी पुढे ओढतो, सोडतो, आकडा सांगतो. मग दुसरा तोच गुडघा तसाच ओढतो, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत धडधाकट सांधाही ठणकायला लागतो. जुनी शस्त्रक्रिया असेल तर एमआरआय वेगळा आणि एप्रिलमध्ये पुन्हा तपासणी. इथे एखाद्या डॉक्टरने नापास केलं तर त्या संघाच्या यादीतून नाव उडतं आणि खेळाडूला पत्ताही लागत नाही. त्यामुळे माझा आग्रह असतो की डिसेंबरमध्येच, अर्ज करण्याच्या आधी, शाळेशी संबंध नसलेल्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून सगळे सांधे तपासून घ्यावेत. अंदाज दुसऱ्या फेरीचा आणि गुडघ्यातली कूर्चा झिजलेली, हे जानेवारीच्या आधी कळलेलं बरं.

राहिली पदवी. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. उन्हाळ्यात वर्ग घेणाऱ्यांना तीन-साडेतीन वर्षांत ती पुरीही करता येते. जाणाऱ्याकडून होणारी ठरलेली चूक म्हणजे डिसेंबरची परीक्षा टाकणं किंवा जानेवारीच्या वर्गांत नाव ठेवून फ्लोरिडा-ॲरिझोनाला सरावाला निघून जाणं. चार विषयांत नापासचा शेरा पडतो आणि दहा वर्षांनी परत यायचं म्हटलं की तोच आडवा येतो. शरदाची परीक्षा पूर्ण द्या. चांगल्या शैक्षणिक स्थितीत गेलात तर शाळेच्या प्रगती-गुणांनाही (खेळाडूंच्या अभ्यासावरून शाळेला मिळणाऱ्या गुणांनाही) धक्का लागत नाही, त्यामुळे तीही परतीच्या शिष्यवृत्तीबाबत मोकळ्या हाताने वागते. वसंत सत्राची नोंदणी रीतसर रद्द करा. शैक्षणिक सल्लागाराकडून उरलेल्या विषयांची यादी सहीनिशी घ्या, कुठले ऑनलाइन होतात ते त्यावर लिहून घ्या, आणि परतल्यावर शिष्यवृत्ती मिळेल हे पत्र वेगळं घ्या. एमिट स्मिथ १९९० मध्ये फ्लोरिडा सोडून गेला आणि सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकत असतानाच १९९६ मध्ये पदवी घेऊन मोकळा झाला. जेरोम बेटिस १९९३ मध्ये नोत्र दाम सोडून गेला. त्याची पदवी २०२२ मध्ये झाली, वर्गात मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांबरोबर बसून.